मदत हवी आहे: किसुमूहून आलेली 45 ची तबकडी ओळखायची आहे

नमस्कार मंडळी. माझे काका केनियात किसुमूला नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत सात इंची, मिनिटाला 45 फेऱ्यांच्या गतीची गाण्याची एक तबकडी सापडली. लेबल ओलाव्याने पार गेलंय. कडेला फक्त 'केरिचो' एवढंच वाचता येतं, म्हणून मला ती चंदाराणांची वाटते. केनियातल्याच केरिचो गावच्या या गुजराती घराण्याने बेंगाच्या, म्हणजे तिथल्या गिटारवरच्या लोकप्रिय नाचगाण्यांच्या, कितीतरी तबकड्या काढल्या.

गाणंही बेंगाच आहे, याबद्दल मला शंका नाही. आधी दोघं गातात, मग गाणं थांबतं आणि गिटार सुसाट सुटते, अगदी न्यातिती या केनियातल्या लुओ लोकांच्या आठ तारांच्या वाद्यासारखी. मागे बास गिटार उड्या मारत असते. बाजू संपते तिथे गाणं मध्येच तुटतं, उरलेलं दुसऱ्या बाजूला. भाषा स्वाहिली नाही, कारण काका ती बोलायचे आणि त्यांनाही यातलं काही कळायचं नाही.

लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर हाताने कोरलेला क्रमांक आहे, शेवटचा आकडा 3 की 8 ते दिसत नाही. तिरप्या उजेडात फोटो कसा काढावा? आणि नैरोबी-किसुमूकडचं कुणी असेल तर एवढं सांगा, भाषा लुओ की लुह्या? दोन्ही बाजूंचं रेकॉर्डिंग लगेच पाठवते. काका आता 84 वर्षांचे आहेत, गायकाचं नाव त्यांना सांगायचंय.