पहिला घाणा कुठल्या बिअरचा काढू?

माडाखाली (वेंगुर्ला)
मंडळी, ऑक्टोबरात नोकरीसाठी डार्विनला जातोय. ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे लागतो, म्हणून इतकी वर्षं हौस दाबून ठेवली. आता रेसिपी शोधायला बसलो तर डोकं गरगरलं. मला आवडते थंडगार, हलकी लागर. मेहुणा तिथेच असतो, तो म्हणतो आंबा घालून आयपीए (कडवट बिअर) कर. त्याच्याकडे 5 लिटरची काचेची बरणी आहे, एअरलॉकसकट (आतला गॅस बाहेर सोडणारं, हवा आत न घेणारं बूच). सुरुवात कशाने करू?

इंजिनरूम (रत्नागिरी)
लागर आधी बाद करा. तिचं यीस्ट 10 ते 13 अंशांत काम करतं, वर कित्येक आठवडे थंडीत मुरवायची. म्हणजे एक फ्रीज तिच्याच नावावर.

लोक चव बघून रेसिपी निवडतात. तुम्ही खोली बघून निवडा. बोटीवरची नोकरी सोडल्यावर मी डार्विनला राहिलोय. हवा आपलीच, फक्त पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. रात्रीसुद्धा 25 अंश. त्यात आंबताना बरणी आतून आणखी दोन-चार अंश तापते. साध्या एलच्या (लागरइतकी थंडी न लागणाऱ्या बिअरच्या) यीस्टला 18 ते 22 लागतात. तिशीत ठेवलंत तर नेलपॉलिशचा वास मारतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. पुस्तकात लिहितात, बरणीला ओलं फडकं गुंडाळा. घाटावर एप्रिलात ते चालतं. दमट हवेत पाणी उडतच नाही, फडकं तेवढं कुबट होतं.

म्हणून सेझाँ करा. बेल्जियममधल्या वालोनीची ही शेतावरची बिअर. तिचं यीस्ट 25-30 अंशांत खूश असतं. बरणीत 4 लिटरच भरायचं, वर फेसाला जागा हवी. हलक्या रंगाचं सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाच्या अर्काची पूड) 450 ग्रॅम, ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) 8 ग्रॅम, तासभर उकळी, आणि 11 ग्रॅमच्या पाकिटाचा चौथा हिस्सा यीस्ट. दाणा दळून भिजवायच्या भानगडीत आत्ता पडू नका. पहिली उकळी आली की पातेल्यासमोरून हलू नका, दुधासारखं उतू जातं आणि शेगडीवरचा चिकटा खरवडून निघत नाही. उकळी थांबल्यावर ज्याला ज्याला बिअर लागणार, ते सगळं निर्जंतुक हवं. नळीसुद्धा.

हे यीस्ट हावरट आहे. बुडबुडे थांबले म्हणजे झालं असं नाही. हायड्रोमीटरचा (साखर किती उरली ते दाखवणारी तरंगती नळी) आकडा सलग तीन दिवस जागचा हलला नाही की मगच बाटल्यांत भरा. गॅस धरायला लिटरला 6 ग्रॅम साखर, जास्त नको. आणि पहिल्या वेळी सोड्याच्या प्लास्टिक बाटल्याच घ्या. दाबून बघता येतं. बाटली दगडासारखी लागली की गॅस भरला, फ्रीजमध्ये टाका. काचेची आधी सांगत नाही, फुटते.

नळीवाली (देवगड)
इंजिनरूम, त्यांना हलकी लागर आवडते आणि तुम्ही मिरमिरीत सेझाँ गळ्यात मारताय! क्वाइक घ्या की. नॉर्वेच्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं यीस्ट. 35 अंशांतही चव स्वच्छ ठेवतं आणि आंबवणं आठवड्याच्या आत उरकतं. माल्ट, हॉप्स तेच, फक्त यीस्टचं पाकीट बदला. लागर नाही होणार, पण जवळपास जाईल.

आंबा पहिल्या घाण्यात नकोच. रसातली साखर यीस्ट फस्त करतं, गोडवा जातो, मागे आंबटसर चव आणि चोथा. देवगडात राहून हापूसचे असे हाल मला तरी बघवणार नाहीत.

इंजिनरूम
क्वाइकला माझी ना नाही. पण त्याला खुराक जास्त लागतो. एवढ्या हलक्या बिअरला यीस्ट न्यूट्रिएंटची चिमूट टाका, नाहीतर रेंगाळतं. पिऊन मजा सेझाँचीच, हे मात्र मागे घेत नाही.

माडाखाली
क्वाइकच करतो, सेझाँ नंतर. पाण्याचं काय? इथे विहिरीचं वापरतो, तिथे नळाचं.

नळीवाली
नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने बिअरला दवाखान्याचा वास येतो. होमब्रू (घरी बिअर करायच्या सामानाच्या) दुकानात क्लोरीन घालवणाऱ्या कॅम्पडेनच्या गोळ्या मिळतात. तुमच्या पाण्याला गोळीचा छोटा तुकडा पुरे.

माडाखाली
देव बरे करो. मेहुण्याला आंब्याचं तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाही.