अनुभव धागा : कंबर दुखली तेव्हा डॉक्टरांनी काय केलं?

कंबरदुखीवर घरगुती उपाय सांगणारे गल्लोगल्ली भेटतात, म्हणून उपाय विचारत नाही. आईच्या दुखण्याची फाईल चाळताना दिसलं की एकाने पट्टा दिला, दुसऱ्याने वजन लावायला पाठवलं, तिसऱ्याने पहिल्याच भेटीत एमआरआय लिहून दिला. म्हणून मी मार्गदर्शक सूचना वाचल्या. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०१६ सालच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३च्या, अशा दोन्ही सूचना पट्टा, ट्रॅक्शन (म्हणजे वजन लावून ताणणं) आणि अल्ट्रासाउंडचा शेक नको म्हणतात. भर आहे तो व्यायामावर, हिंडतंफिरतं राहण्यावर आणि रुग्णाला नीट समजावून सांगण्यावर. सरसकट एमआरआयही 'नाइस'ला मान्य नाही. मग आपल्याकडे असं का होतं?

तुम्हाला पहिल्या भेटीत हात लावून तपासलं का? काय विचारलं, काय लिहून दिलं? डॉक्टर आणि फिजिओंनीही लिहावं. दवाखान्यांची नावं मात्र टाकू नका.

डोंबिवली–सीएसएमटी
मला तपासलं नाही. खुर्चीत बसल्या बसल्या एमआरआयची चिठ्ठी मिळाली. रिपोर्टात 'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली गादी फुगलेली) आलं आणि डॉक्टर म्हणाले, "गादी सरकलीय, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही." त्या वाक्याने दुखण्याहून जास्त नुकसान केलं. मुलीला कडेवर घेणं बंद केलं, खाली पडलेला रुमाल उचलायलाही भीती वाटायची. गाडीत उभं राहावं लागेल म्हणून रजा टाकायचो. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी पलंगावर झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली, पायाच्या अंगठ्यातली ताकद बघितली. मग रिपोर्ट बाजूला ठेवून म्हणाले, "काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांचे एमआरआय काढले तरी शंभरात तीसएक जणांत असं फुगलेलं दिसतं, पन्नाशीत साठएक जणांत." हे आकडे २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यातले आहेत, नंतर मी स्वतः पाहिले. पहिल्या डॉक्टरांनी एवढं सांगितलं असतं तर माझे कितीतरी महिने वाचले असते.

लालबागची
आमच्या चाळीत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतात. सासूबाईंनी तोही लावून घेतला. उसण बहुतेकदा काही आठवड्यांत आपसूक उतरते, त्यामुळे श्रेय शेवटी ज्याच्याकडे गेलो त्याला मिळतं. गोळीचंही तसंच.

फिजिओ, परळ
माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर आधीच लिहिलेलं असतं : आयएफटी (मशीनचा करंट), एसडब्ल्यूडी (मशीनचा शेक), दहा दिवस. व्यायाम हा शब्दच नसतो. मी व्यायाम सुरू केला तर पेशंट विचारतो, "करंट नाही लावणार?" त्याची चूक नाही, त्याला तेच उपचार म्हणून दाखवलं गेलंय. पण अडचण एवढीच नाही. छोट्या खोलीत पाच माणसं राहतात, चटई टाकून आडवं व्हायला दुपारशिवाय जागा मिळत नाही. म्हणून मी ओट्याला धरून उभ्याने करायचे व्यायाम देते. ते होतात. छापील चित्रांचा कागद दिला तर तो कपाटात जातो.

भांडुपचा फॅमिली डॉक्टर
२०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत दिसलं की नव्या कंबरदुखीत पॅरासिटामॉलने माणूस नुसत्या खोट्या गोळीपेक्षा लवकर बरा होत नाही. हे आम्हाला माहीत असतं. पण बाहेर रांग असते आणि समोरच्याला उद्या कामावर जायचं असतं. इंजेक्शन नाही म्हटलं तर तो शेजारच्या गल्लीत जाऊन घेतो. समजावायला दहा मिनिटं लागतात. मी ती देतो, कारण तोच खरा उपचार आहे.

मालाड पूर्व
उलटा अनुभव. वहिनीला रात्रीही कंबर दुखायची, संध्याकाळी अंगात कसर, वजन उतरत चाललेलं. दोन ठिकाणी नुसती वेदनाशामकं मिळाली. महापालिकेच्या रुग्णालयात तुडुंब ओपीडीत एका तरुण डॉक्टरने ताप आणि वजनाबद्दल विचारलं, मणक्यावर ठोकून पाहिलं आणि एमआरआय लगेच करायला लावला. मणक्याचा टीबी निघाला. आता औषधं पूर्ण झालीत, चालते-फिरते.

धागाकर्ती
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. सूचना एमआरआयच्या विरुद्ध नाहीत, न विचारता काढण्याच्या विरुद्ध आहेत. लघवी अडणं किंवा तिच्यावरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं : यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कुर्ल्याची मुलगी
आई चार घरची धुणीभांडी करते. डॉक्टर म्हणाले, आराम करा. आराम केला की पगार कापतात. तुमच्या सूचना म्हणतात, हालचाल चालू ठेवा. ती तर दिवसभर ओणवीच असते. मग तिने करायचं काय?

फिजिओ, परळ
ताई, प्रश्न अगदी बरोबर आहे. तिचं काम थांबवायचं नाही, ओणवं राहण्याचा सलग वेळ तोडायचा. एका घरी लादी झाली की दुसऱ्या घरी आधी ओट्याची भांडी घ्यायला सांगा. बादली अर्धीच भरायची. लांब दांड्याचा मॉप मागायचा, आणि तो घरमालकिणीने द्यायला हवा. पाय बधिर होतो का, ते आधी विचारा आणि इथे लिहा.