जंत, जंतू, जीवाणू, विषाणू : कोणता शब्द कुठे वापरायचा?

प्रश्न :
मुलीच्या शाळेतून निरोप आलाय, 'उद्या सर्व विद्यार्थ्यांना जंतुनाशक गोळी देण्यात येईल.' गोळी अल्बेंडाझोलची, म्हणजे पोटातल्या जंतांवरची. जंतुनाशक म्हटलं की मला फिनेल आणि ब्लीचिंग पावडर आठवते. निरोपातला शब्द बरोबर आहे का? जंत आणि जंतू मुळात एकच का?

प्रतिसाद :
ताई, गोळी 'जंतनाशक'. जंतुनाशक फरशीवर, संडासात, दवाखान्याच्या अवजारांवर वापरतात. फरक एका उकाराचा असला तरी एक वस्तू मुलांनी चावून खायची आहे आणि दुसरी त्यांच्या हाताला लागू नये अशा जागी ठेवायची आहे. निरोप दुरुस्त करायला जरूर सांगा.

मूळ मात्र दोन्हींचं एकच. संस्कृत 'जन्तु' म्हणजे जन्मलेला, कोणताही प्राणी. 'जीवजंतू' या जोडशब्दात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. मराठीत पुढे वाटा फुटल्या. 'जंत' पोटातल्या कृमींकडे गेला आणि 'जंतू' डोळ्यांना न दिसणाऱ्या, रोग पसरवणाऱ्या जीवांकडे. लिहिताना सुटा शब्द 'जंतू' दीर्घ, समासात पहिला आला की 'जंतुनाशक', 'जंतुसंसर्ग' ऱ्हस्व. 'विषाणू' आणि 'विषाणुजन्य' यांचंही तसंच.

जंत हे प्राणी आहेत, म्हणजे आपण ज्या सृष्टीत (सजीवांच्या सर्वांत मोठ्या गटांपैकी एकात) मोडतो त्याच सृष्टीतले. आतड्यातला मोठा गोलकृमी वीतभर किंवा त्याहून लांब वाढतो. त्याला तोंड असतं, अन्ननलिका असते, नर-मादी वेगळे असतात. अल्बेंडाझोल त्याच्या पेशींतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला धरून बसतं, मग कृमीला ग्लुकोज शोषता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो. टायफॉइडच्या जीवाणूवर या गोळीचा काही उपयोग नाही.

'जंतू' हा शब्द वर्गीकरणातला नाहीच. व्हिटाकर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६९ साली सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या, त्याच आपण शाळेत शिकतो. तिथे जीवाणू मोनेरात आहेत, हिवतापाचा आदिजीव प्रोटिस्टात आणि नायट्याची बुरशी कवकांत. विषाणूला पेशीच नसल्यामुळे तो या पाचांत कुठेच बसत नाही. बोलताना आपण या सगळ्यांना जंतू म्हणतो आणि घरात ते चालतं. औषधाचा प्रश्न आला की चालत नाही. पेनिसिलिनसारखं प्रतिजैविक (अँटिबायोटिक) जीवाणूला पेशीची भिंत बांधू देत नाही, काही प्रतिजैविकं त्याचे रायबोसोम, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणारे कण, बंद पाडतात. विषाणूजवळ ना भिंत ना रायबोसोम. सर्दी-पडशाला 'जंतू मारायचं औषध' मागणाऱ्या माणसाला हा फरक त्याच्या भाषेत कुणीतरी सांगायला हवा. म्हणून बातमीत 'मलेरियाचा विषाणू' किंवा 'क्षयाचा विषाणू' वाचलं की मला फार वाईट वाटतं. क्षय जीवाणूमुळे होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवून दिलं होतं.

प्रतिसाद :
मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. हा भेद आमच्या काचपट्टीवर रोज दिसतो. शरीरही सगळ्या 'जंतूं'शी एकाच पद्धतीने लढत नाही. जीवाणू घुसले की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी धावून जातात आणि त्यांना गिळतात. जखमेतला पू म्हणजे बराचसा याच मेलेल्या पेशींचा साठा. विषाणू आपल्याच पेशीत शिरून बसतो, त्यामुळे टी-पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना ती बाधित पेशीच मारावी लागते. जंत गिळता येण्याजोगा नसतो. मग इओसिनोफिल या तिसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी त्याच्या अंगाला चिकटतात आणि त्यावर विषारी प्रथिनं सोडतात. रिपोर्टात इओसिनोफिल वाढलेले दिसले की डॉक्टर ॲलर्जीबरोबर जंतांचीही शंका घेतात ती याचमुळे. जंत एकदा होऊन गेले म्हणून पुढे होणार नाहीत असं नसतं आणि माणसांसाठी त्यांवर लसही नाही, म्हणून गोळी पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

प्रतिसाद :
शेतकऱ्याच्या बोलीत ही वाटणी फार जुनी आहे, तिची इथे नोंद असावी. आम्ही 'कीड' आणि 'रोग' कधी एक करत नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे ही कीड. द्राक्षावरची भुरी, डाळिंबावरचा तेल्या, पपईवरचा मोझॅक हे रोग. रोगांतही भुरी बुरशीची, तेल्या जीवाणूचा, मोझॅक विषाणूचा. मोझॅकवर औषध नाही. रोगट झाड उपटायचं आणि तो पसरवणारा मावा आटोक्यात ठेवायचा, एवढंच हातात असतं. चुकीचं नाव सांगून दुकानातून बाटली आणली तर पैसा जातो आणि बागही जाते.
एक शंका आहे. द्राक्षावरच्या केवडा रोगाला आम्ही बुरशी म्हणतो, कृषी खात्याच्या पत्रकातही तसंच असतं. ते बरोबर ना?

प्रतिसाद :
दादा, दिसायला आणि वाढायला तो बुरशीसारखाच, पण आताच्या वर्गीकरणात तो कवकांत नाही. केवड्याचा जीव ऊमायसीट गटातला, तपकिरी शैवालांच्या जवळचा. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचा पदार्थ असतो, याच्या भित्तिकेत सेल्युलोज असतं. गटच वेगळा असल्यामुळे भुरीवर चालणारी काही बुरशीनाशकं केवड्यावर चालत नाहीत. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मात्र फ्रान्समध्ये १८८०च्या दशकात याच रोगासाठी पुढे आलं आणि आजही उपयोगी पडतं. पत्रकात 'बुरशीजन्य' लिहिलेलं असेल तर शेतात अडचण येणार नाही, फक्त फवारणीआधी औषधाच्या लेबलावर 'केवडा' हे नाव आहे ना, ते पाहून घ्या.

प्रतिसाद :
मूळ प्रश्नकर्ती. शाळेला कळवलं, त्यांनी लगेच 'जंतनाशक' असा दुरुस्त निरोप पाठवला. आता आणखी एक : 'दात किडला' म्हणतो, तिथे कीड कुठली?

प्रतिसाद :
तिथे कीड नाही, जीवाणू आहेत. ते साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्याने दाताचं आवरण झिजतं. दातात किडा असतो ही समजूत जगात अनेक ठिकाणी होती, आपल्या क्रियापदात ती राहून गेली. तरी 'किडणे' बदलू नये असं मला वाटतं. धान्य किडतं, लाकूड किडतं, तसा दात किडतो, आणि त्या शब्दाने कुणी चुकीचं औषध घेत नाही.