प्रत्येक सरकारी खात्यात मुख्य डेटा अधिकारी नेमावा का?

वैनगंगा:

माझ्या बाबांच्या सातबाऱ्यावर 1.12 च्या जागी 0.12 छापलं गेलं, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. एक हेक्टर बारा आर धानाची जमीन कागदावर नुसती बारा आर झाली. तलाठी म्हणाले, "ऑनलाइन असंच दिसतंय." तहसील कचेरीत सांगितलं, जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज करा. पीकविम्यासाठी गेलो तर क्षेत्र महसूलकडून येतं, आमच्या हातात काही नाही. बँकेत एवढंच की सिस्टीम घेत नाही. अखेर दुरुस्ती झाली, पण दोन हंगाम गेले. तेवढ्या काळात एकही माणूस असा भेटला नाही जो म्हणेल, ही माहिती माझ्या ताब्यातली आहे, चुकली असेल तर मी बघतो.

मुख्य डेटा अधिकारी हा तो माणूस असावा, असं माझं मत आहे.

अमेरिकेत जानेवारी 2019 मध्ये कायदा होऊन प्रत्येक केंद्रीय संस्थेला असा अधिकारी नेमणं बंधनकारक झालं. त्यातल्या दोन अटी मला मोलाच्या वाटतात. तो राजकीय नेमणुकीतला नसावा, आणि माहिती हाताळण्याचं शिक्षण-अनुभव त्याच्याकडे असावा. आपल्याकडे 2012 च्या केंद्रीय धोरणानंतर मंत्रालयांनी खुल्या डेटाच्या, म्हणजे सरकारी माहिती सगळ्यांना बघता येईल अशा, पोर्टलसाठी अधिकारी नेमले. केंद्राच्या नव्या डेटा धोरणाच्या मे 2022 च्या मसुद्यात तर प्रत्येक मंत्रालयात डेटा व्यवस्थापन कक्ष आणि त्याच्या प्रमुखपदी मुख्य डेटा अधिकारी, असं स्पष्ट लिहिलं होतं. पण त्याच्या सहीवाचून काही अडतं का, हा माझा प्रश्न आहे.

राज्याची 2017 ची शेतकरी कर्जमाफी आठवा. 89 लाख शेतकरी, 34,022 कोटी, अशी घोषणा जूनमध्ये झाली. मग अर्जातली आणि बँकांची माहिती जुळेना, आणि माणसं दिवाळीनंतरही याद्यांत आपलं नाव शोधत बसली. लाडकी बहीण योजनेत पैसे 2024 मध्ये सुरू झाले. दुसऱ्या खात्यांच्या नोंदींशी पडताळणी मागाहून झाली, आणि 2025 च्या जुलैत मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की सुमारे 26.34 लाख जणींचा लाभ तात्पुरता थांबवलाय. त्यातल्या ज्या पात्र असतील त्यांचा पुन्हा सुरू होईल म्हणे. म्हणजे तोवर पात्र बाईनेही वाट बघायची. घोषणेआधी "याद्या जुळतात" असं लिहून देणारा, आणि जुळत नसतील तर थांबवू शकणारा कोणीतरी हवा. नुसती दारावर पाटी लावायची असेल तर मलाही नको.

आकडेवाला:

ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण उपाय पटत नाही. मी सांख्यिकीत 31 वर्षं काढली. अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सांख्यिकी अधिकारी आहे, दरवर्षी अर्थसंकल्पाआधी आर्थिक पाहणी निघते. केंद्रात सांख्यिकीच्या सुधारणेसाठी नेमलेल्या रंगराजन आयोगाने 2001 मध्येच मंत्रालयांतल्या सांख्यिकी सल्लागारांना बळ द्या म्हणून सांगितलं होतं. जे आहे त्याला माणसं देत नाही, अधिकार देत नाही, आणि आता नव्या नावाचं पद.

ते पद कसं भरलं जाईल तेही सांगतो. एखाद्या सहसचिवाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून. मूळ टेबलावर आधीच तीन विषय, हा चौथा. पोर्टलवर काय टाकायचं हे समजेपर्यंत बदलीचा आदेश. मग नवीन साहेब, पुन्हा पहिल्यापासून. मी अशा बैठकांना बसलोय. माहिती गावात तयार होते आणि गावातच बिघडते. एका तलाठ्याकडे तीन-चार गावं असतील तर मंत्रालयात तुम्ही कोणालाही बसवा, 1.12 चं 0.12 होणारच.

वैनगंगा:

अतिरिक्त कार्यभाराची भीती मान्य. पूर्ण वेळ, ठरावीक मुदत, मधेच बदली नाही, हे नसेल तर पद नकोच.

पण काका, सांख्यिकी आणि नोंद यांत फरक आहे. जिल्ह्याच्या धानाच्या क्षेत्राची बेरीज काढताना एक हेक्टर इकडेतिकडे झाला तर तुमची सरासरी हलत नाही. बाबांचं मात्र तेवढंच शेत आहे. एकेका माणसाच्या नोंदीची जबाबदारी सांख्यिकी विभागावर कधी टाकलेलीच नाही.

माणदेशी:

मी तालुक्याच्या ठिकाणी वेगवेगळ्या योजनांची डेटा एंट्री करतो, कंत्राटी. वर काय ठरतं ते मला ठाऊक नाही, पण असा अधिकारी खाली काय करू शकेल ते सांगतो.

सगळ्यात मोठी डोकेदुखी नावांची. वडगाव घ्या. प्रत्येक तालुक्यात एखादं असतंच. इंग्रजीत कोणी ते डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. पुढे बुद्रुक-खुर्द कोणी लिहितो, कोणी गाळतो. जनगणनेचा गावाचा कोड वेगळा, केंद्राच्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निर्देशिकेतला वेगळा. माणसांचंही तेच. आधारवर दत्तात्रय, सातबाऱ्यावर दत्तू, बँकेत दत्तात्रेय. संगणकाला ही तीन माणसं वाटतात. आम्ही हाताने जुळवतो, आणि ज्याचं जुळत नाही त्याचा अर्ज पडून राहतो. कोणत्या नियमाने जुळवायचं याचा एकही कागद आजवर माझ्या हातात आलेला नाही. शेजारच्या तालुक्यातला मुलगा वेगळ्या पद्धतीने जुळवतो.

आता जिल्ह्यांची नावं बदलली. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. एका पोर्टलवर नवं, दुसऱ्यावर जुनं. कोड तोच ठेवून नाव बदललं तर काही बिघडत नाही. नावावरूनच जुळवणी केली असेल तर जुन्या फायली नव्याला लागत नाहीत. हे कोणी ठरवायचं? प्रत्येक खात्याचा कंत्राटदार आपापलं ठरवतो. कंत्राट संपलं की तो जातो आणि तक्ते कसे बांधलेत तेही त्याच्यासोबत जातं.

एका माणसाने गावाचा एकच कोड सगळ्या खात्यांना लावला, नाव जुळवायचा एक लिखित नियम दिला आणि कंत्राटात "तक्त्यांची माहिती खात्याची" असं घातलं, तर माझं निम्मं काम संपेल. आकडेवाले काका, हे गावात होणार नाही, वरूनच व्हावं लागेल.

पारावरचा:

मी वकील आहे, माहिती अधिकाराची अपिलं चालवतो. माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे आणि तो पक्का आहे.

सगळ्या याद्या एकमेकींना जोडायचा अधिकार एका टेबलावर आला की ते टेबल फार बलवान होतं. कोणाचं रेशन, कोणाचं पेन्शन, कोणाची जमीन, कोणाचा आजार, सगळं एका ठिकाणी. तो अधिकारी उत्तर कोणाला देणार? सचिवाला. नागरिकाला नाही.

दुसरं, 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम 8(1)(ञ) बदललं. आधी व्यक्तिगत माहितीसुद्धा व्यापक जनहित असेल तर देता येईल, असं त्याच कलमात होतं. आता तिथे सरळ नकार आहे. कलम 8(2) उरलंय, पण त्यात जनहित जास्त आहे हे आपल्याला झगडून पटवावं लागतं. अशा वेळी डेटा अधिकारी म्हणजे कुलपाला मिळालेला नवा रखवालदार. मला भीती आहे की लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायलाही तो नाही म्हणेल, आणि खाजगी कंपनीला मात्र "नाव काढून" तीच माहिती देईल. फेब्रुवारी 2022 च्या केंद्राच्या पहिल्या मसुद्यात सरकारी डेटा विकण्याची वाट होती. ओरड झाली म्हणून मे महिन्याच्या मसुद्यातून ती गेली.

माहिती अधिकाराच्या कलम 4 खाली स्वतःहून माहिती जाहीर करण्याची जबाबदारी त्याच्या डोक्यावर टाका, न केल्यास दंड ठेवा, मग बोलू.

वैनगंगा:

हे मी विचारातच घेतलं नव्हतं. नागरिकाला उत्तर देण्याची तरतूद नसेल तर माझा सगळा मुद्दाच पडतो, कारण मी सुरुवात केली ती "दाद कोणाकडे मागायची" इथून. दुरुस्तीचा अर्ज आला की किती दिवसांत काय झालं हे त्याने जाहीर करावं, आणि तो कोणाच्या याद्या कशाला जोडतो हेही. याला माझी पूर्ण संमती आहे.

वॉर्ड_क्र_सात:

मुंबईत कोविडच्या काळात मी वॉर्डातल्या वॉर रूममध्ये, म्हणजे कोविड नियंत्रण कक्षात, बसायचे. 16 जून 2020 रोजी राज्याने जुन्या नोंदी ताडून 1,328 मृत्यू एकदम वाढवले, त्यातले 862 मुंबईतले. रुग्णालयांच्या नोंदी, प्रयोगशाळांच्या नोंदी आणि वॉर्डाच्या याद्या ताडून पाहिल्यावरच हे कळू शकत होतं. आमच्याकडे रात्री दोन वाजता वही आणि संगणक समोरासमोर ठेवून एकेक नाव लावलं जायचं.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे "मृत्यू लपवले" अशा बातम्या. कोणी लपवले असतील तर चौकशी हवीच. पण चूक शोधून जाहीर करणाराच ओरडा खातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा आमच्या मागे कायद्याने उभा असलेला एक अधिकारी असता, जो म्हणाला असता "आकडा मी दुरुस्त केला, कारण हा", तर खालच्या माणसांना इतकी धास्ती बसली नसती. पारावरच्या वकीलसाहेबांना माझं सांगणं आहे, संरक्षण नसलेला माणूस माहिती लपवायला शिकतो.

आकडेवाला:

वॉर्डातल्या बाईंचं म्हणणं मनाला लागलं. तरी मी माझ्या जागेवरच आहे. 2017 मध्ये सातबाऱ्याचं चावडी वाचन झालं. संगणकावरचा उतारा गावात मोठ्याने वाचायचा आणि ज्याचा त्याने ऐकून चूक सांगायची. कितीतरी चुका तिथेच सापडल्या. ते काम मुख्य डेटा अधिकाऱ्याने केलं नाही, गावाने केलं. पैसा खर्च करायचा तर त्यावर करा, दरवर्षी करा. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच पीक नोंदवतोय, तशी जमिनीची नोंदही त्याला वर्षातून एकदा ऐकवा.

वैनगंगा:

काका, चावडी वाचन आमच्याही गावात झालं. त्या दिवशी बाबा नागपूरला दवाखान्यात भरती होते, मी त्यांच्यासोबत. आमचा गट वाचला गेला, 0.12 असाच, आणि ऐकायला आमच्या घरचं कोणी नव्हतं.