मिसट्रायल म्हणजे सुटका नव्हे
काइल रिटनहाउस हा केनोशात (अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य) गोळीबार करून स्वसंरक्षणाचा दावा करणारा तरुण. 'मिसट्रायल झालं असतं तर रिटनहाउस तसाच सुटला असता' हे म्हणणं पटत नाही. मिसट्रायल म्हणजे खटला मोडणं. सरकारी पक्ष नवी ज्युरी (निकाल देणारे सामान्य नागरिक) घेऊन पुन्हा उभा राहू शकतो. पुन्हा खटला भरायचा नाही, असं न्यायाधीशांनी त्यातच घातलं तरच आरोपी मोकळा. केनोशात बचाव पक्षाने आधी नेमकं तेच मागितलं होतं. पण ज्युरी आत चर्चेला बसल्यावर बचाव पक्षाने साधं मिसट्रायल मागितलं, म्हणजे पुन्हा खटला चालला तरी चालेल!

कारण होतं ड्रोनचा व्हिडिओ. सरकारी वकिलांकडची फाइल ११.२ एमबीची, बचाव पक्षाच्या हाती आलेली ३.६ एमबीची. रिटनहाउसने आधी बंदूक रोखून चिथावणी दिली का, हा स्वसंरक्षणातला कळीचा प्रश्न सरकारी पक्षाने त्याच धूसर चित्रावर उभा केला होता. न्यायाधीश श्रोडर यांनी त्या अर्जावर निर्णय दिलाच नाही आणि व्हिडिओ ज्युरीला पाहू दिला. ज्युरीच्या चर्चेच्या चौथ्या दिवशी, १९ नोव्हेंबर २०२१ ला, पाचही आरोपांतून तो निर्दोष सुटला. निकाल काहीही लागो, इतका नाजूक पुरावा दोन्ही बाजूंकडे सारखाच असायला हवा होता, हे मला फार खटकतं.