सेकंड हँड गाड्यांची गुगल जाहिरात : कोकणात परवडते का?

यार्डवाला_कुडाळ :
कुडाळात जुन्या गाड्यांचं यार्ड आहे, हायवेला लागून. एका वेळी वीस-बावीस गाड्या उभ्या असतात. तीन महिने सर्चवर पैसे भरून जाहिरात केली, एजन्सी धरून. 'सेकंड हँड वॅगनआर', 'जुनी बोलेरो' असं शोधलं की वर आपलं नाव. गाड्या गेल्या दोन, आणि त्यांतला निम्मा नफा क्लिकनी खाल्ला; जाहिरातीवर कुणी बोट लावलं की पैसे कापतात. त्याच काळात पाच गाड्या गॅरेजवाल्यांनी आणि गिऱ्हाइकांच्या पाव्हण्यांनी फुकट विकून दिल्या. आपल्याकडे गाडी ओळखीवर खपते, हे माझं मत. पुढचे पैसे क्रिकेट स्पर्धेच्या टी-शर्टांना. पटत नसेल तर बोला.

मालवणी_खाजा :
सोळा आणे पटलं. किनाऱ्यावरची गाडी घेताना माणूस आधी खाली वाकून पत्रा बघतो. खारं वारं दाराची खालची कड खातं, ते फोटोत दिसत नाही. २०२१ च्या चिपळूणच्या पुरापासून तर 'पाण्यात बुडालेली नाय ना?' हा पहिला प्रश्न. याचं उत्तर मेस्त्री देतो, गुगल नाही.

क्लिकमोजणी :
रत्नागिरीत बसून हेच काम करतो, म्हणजे माझा स्वार्थ आहे, आधीच सांगतो. लोकांनी काय शोधून क्लिक केलं त्याचा रिपोर्ट पाहिलात का? आणि जाहिरात किती किलोमीटरवर लावली होती?

यार्डवाला_कुडाळ :
आत्ता उघडला. 'कुडाळ ते गोवा एअरपोर्ट गाडी भाड्याने', 'बोलेरो पिकअप ड्रायव्हर पाहिजे', 'जुनी गाडी भंगार भाव'. कपाळ! आणि हो, ६० किमीचं वर्तुळ, फक्त त्या भागात असलेल्यांनाच दिसेल असं.

क्लिकमोजणी :
मग नकाशा घ्या. पश्चिमेला तुमचं वर्तुळ अरबी समुद्रात. मासे क्लिक करत नाहीत, तेवढं वाचलं. पूर्वेला घाट चढून आजऱ्यात. दक्षिणेला तेरेखोल ओलांडून पेडणे, म्हापसा. म्हापशाच्या माणसाला एमएच-०७ ची गाडी न्यायची तर एनओसी आली, गोव्यातला टॅक्स आला. तो बघतो, क्लिक करतो, जातो. पैसे तुमचे. भाडं, ड्रायव्हर, भंगार हे शब्द निगेटिव्हमध्ये, म्हणजे 'हे शोधणाऱ्याला जाहिरात दाखवू नका' या यादीत, टाकणं पहिल्या आठवड्याचं काम, ते एजन्सीने केलेलं दिसत नाही. शिवाय 'त्या भागात असलेलेच' असं निवडल्यामुळे मुंबईत बसून कुडाळातली गाडी शोधणारा गेलाच हातचा.

डोंबिवलीचो_चाकरमानी :
तो मीच. गेल्या वर्षी गणपतीआधी बाबांसाठी गाडी हवी होती. रात्री अकराला शोधत बसलो. एका जाहिरातीत २०१९ ची स्विफ्ट, किंमत बरी. सकाळी फोन केला तर, "ती गेली, दुसरी आसा, येवन बघा." तीन यार्डांत हेच उत्तर. विकलेल्या गाडीवर क्लिकचे पैसे भरता आणि वर म्हणता जाहिरात चालत नाही?

यार्डवाला_कुडाळ :
खोटं कशाला बोलू, आमची साइटवरची यादी पोरगा शनिवारी बदलतो. सोमवारी गेलेली गाडी पाच दिवस तशीच.

क्लिकमोजणी :
तिथेच मार खाताय. वरची जागा नुसत्या बोलीवर, म्हणजे एका क्लिकला किती द्यायला तयार आहात त्यावर, मिळत नाही. जाहिरात शोधाला किती जुळते, क्लिकनंतर उघडणारं पान कामाचं आहे का, हेही धरतात. गाडी विकली की त्याच संध्याकाळी जाहिरात बंद. बावीसच गाड्या आहेत, दोनशे नाहीत.

मालवणी_खाजा :
रोज संध्याकाळी कोण बसणार? आणि डोंबिवलीचा माणूस फोटोवर टोकन देईल काय? बाबा येऊन बघणार, बाबा मेस्त्रीलाच विचारणार. फिरून ओळखच. पितृपक्षात तर क्लिक येतील नि गाडी एक हलणार नाही.

डोंबिवलीचो_चाकरमानी :
बाबांनी मेस्त्री नेलाच होता. पण कुठल्या यार्डात न्यायचा ते मी ठरवलं, मोबाइलवर. पितृपक्षाचं म्हणाल तर त्या पंधरा दिवसांत बंद ठेवा, कुलूप आहे त्याला.

यार्डवाला_कुडाळ :
एक महिना अजून बघतो, एजन्सीशिवाय. ६० किमीचं वर्तुळ काढून टाकतो, कुडाळ, सावंतवाडी, कणकवली, मालवण आणि मुंबई-ठाण्यात 'कुडाळ' लिहून शोधणारे, एवढेच. गाड्याही सगळ्या नाही, आठच. खाजा, तुझ्या मेस्त्रीचं कमिशन चालूच राहील, काळजी करू नको. टी-शर्ट मात्र छापून आलेत. पाठीवर फोन नंबर जुना पडलाय.