संक्रांतवेलीला नुसती पानंच?
तुमच्या संक्रांतवेलीला फुलं येत नाहीत, आणि वेल आटोपशीर राहावी म्हणून तुम्ही ती दिवाळीच्या सुमारास छाटता, असं तुम्ही लिहिलंय. फुलं न येण्याचं कारण बहुतेक तेच. संक्रांतवेलीचे केशरी घोस नव्या फांद्यांच्या टोकांना लागतात, तीच टोकं कापली की त्या हिवाळ्यातला बहर गेलाच. कात्री लावायची ती बहर ओसरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हा अगदी निर्दयपणे. ऊन मात्र दिवसभराचं हवं, सावलीतली वेल पानांवरच राहते.

एक भर घालतो. ही मूळची ब्राझीलची. तिकडे ती जून-जुलैत फुलते, कारण तेव्हा तिथे हिवाळा असतो! पेटुनिया-झेंडूच्या वाफ्यांमागे कुंपणावर ही एकच वेल चढवा, शिंजीर (फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी) आपणहून येतील.